परतीची वेळ जाहिरातीत छापा : नागपूरच्या डोंगरयात्रा आयोजकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातून सह्याद्री आणि सातपुड्यात एका दिवसाच्या डोंगरयात्रा नेणाऱ्या सर्व संस्था, गट आणि मार्गदर्शक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या जानेवारीत आपल्या शहरातल्याच एका गटाबरोबर मी साल्हेरला गेले होते. त्या गटाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण नाव लिहिले की हे पत्र एका गटाविरुद्धची तक्रार होऊन बसेल आणि बाकीचे सगळे निर्धास्त होतील. त्या दिवशी जे घडले ते गेल्या सहा-सात वर्षांत वेगवेगळ्या गटांबरोबर थोड्याफार फरकाने मी पाहिले आहे. साल्हेरला ते अंगाशी आले, एवढेच. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे आणि त्यातली मागणी एकच आहे. निघण्याची वेळ, शुल्क आणि जेवणात काय मिळणार हे जसे तुम्ही जाहिरातीत छापता, तशीच परतीची वेळ छापा. बस नागपूरला कधी पोहोचेल ती वेळ मी विचारत नाही. डोंगरावर ज्या घटकेला, शिखर समोर दिसत असले तरी, प्रत्येकाने जिथे असेल तिथून मागे वळायचे, ती वेळ मला हवी आहे.

साल्हेर ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यात, गुजरातच्या डांग भागाला लागून असलेल्या डोलबारी रांगेत हा किल्ला आहे. उंची १,५६७ मीटर. महाराष्ट्रातल्या किल्ल्यांत सर्वांत उंच आणि सह्याद्रीच्या शिखरांत १,६४६ मीटरच्या कळसूबाईखालोखाल. १६७२ मध्ये याच किल्ल्याच्या परिसरात मराठ्यांनी मोगली फौजेला उघड्या मैदानात हरवले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतही साल्हेर आहे. त्यामुळे पुढच्या काही हिवाळ्यांत तिथली गर्दी वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. वाघांबे गावाकडून निघालेली वाट साल्हेर आणि सालोटा या जोडकिल्ल्यांमधल्या खिंडीत चढते. खिंडीतून ती डोंगराच्या धारेला लागते, मग कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि एकामागून एक दरवाजे येतात. त्यानंतर कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट आहे, जिच्या एका हाताला खोदीव गुहा आणि दुसऱ्या हाताला मोकळी दरी असते. ती ओलांडली की माथ्यावरचे पठार, गंगासागर तलाव, रेणुकामातेचे देऊळ, आणि त्याच्याही वर, खड्या घसाऱ्याच्या टप्प्यानंतर, परशुरामाचे छोटेसे देऊळ. या वाटेला दोर लागत नाही. पण ती लांब आहे, बरीचशी उघडी आहे, आणि उतरताना तोल गेला तर सावरायला जागा नाही अशी ठिकाणे तिच्यावर आहेत. आमच्या जाहिरातीत श्रेणी लिहिली होती ‘सोपी ते मध्यम’.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता. त्याआधी सह्याद्री म्हणजे आम्हा नागपूरकरांसाठी रेल्वेचे आरक्षण, जोडून काढलेली रजा आणि महिनाभर आधीची तयारी असे. आता शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर पाठपिशवी घेऊन निघता येते आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर होता येते. याचा मला मनापासून आनंद आहे. चाळिशी ओलांडल्यावर मला सह्याद्री दिसला तो या रस्त्यामुळेच. पण रस्ता जवळ आला म्हणून रात्रीची झोप भरून निघत नाही. आमच्या जाहिरातीत रात्री ९ वाजता निघून पहाटे साडेपाचला पायथ्याशी पोहोचण्याचे लिहिले होते. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, पुढे सटाणा-ताहाराबादकडून वाघांब्यापर्यंत साध्या रस्त्याने आणखी सव्वाशे-दीडशे. साडेसहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर ४३ माणसांनी भरलेली बस, चहापाणी आणि स्वच्छतागृहांचे थांबे धरून, साडेआठ तासांत कापणार नाही हे जाहिरात लिहिणाऱ्याला कळायला हवे होते. आम्ही पोहोचलो पावणेनऊला. पोहे, चहा, ओळखपरेड, फलकासोबतचे छायाचित्र हे सगळे उरकून चढायला लागलो तेव्हा सकाळचे १० वाजले होते. म्हणजे ठरलेल्या वेळेपेक्षा चार तास उशीर झाला होता आणि बहुतेकांची रात्र बसल्या जागी डुलक्या घेण्यात गेली होती. चार तास गेले म्हणून दिवसाच्या आखणीत मात्र एका शब्दाचाही बदल झाला नाही.

खिंडीत आम्ही सव्वाबारा वाजता पोहोचलो. आम्ही म्हणजे शेवटची चार-पाच माणसे. आमच्यात पन्नाशी पार केलेल्या एक काकू होत्या. दगडावर बसून त्या संत्रे सोलत होत्या, आणि अर्धे मला देताना माझे लक्ष त्यांच्या उजव्या बुटाकडे गेले. चवड्याकडून तळवा सुटून पार मध्यापर्यंत उघडला होता आणि आतून वाळलेल्या गोंदाची पिवळी भुकटी गळत होती. बूट नवेच होते, म्हणजे वापरलेले नव्हते. तीन-चार वर्षे कपाटात जपून ठेवलेले होते. अशा बुटांचा गोंद पडून पडून कडक होतो आणि पहिल्याच खऱ्या चढाला तळवा सुटतो. निघण्यापूर्वी कोणी तो बूट हातात घेऊन वाकवून पाहिला असता तर घरीच कळले असते. मी माझ्या पिशवीची नाडी काढून बुटाला तीन वेढे दिले. काकू म्हणाल्या, “तू जाय पुढे, मी येतेच हळूहळू.” मी गेले नाही, कारण आमच्या मागे कोणीच नव्हते. गटाबरोबर दोन मार्गदर्शक होते. एक सर्वांत पुढे, दुसरा मधल्या घोळक्यात छायाचित्रे काढून देत होता.

त्या घटकेला खिंडीत एखादा जबाबदार माणूस उभा असता आणि त्याने शांतपणे सांगितले असते की आता इथूनच परत फिरायचे, तर काकू हिरमुसल्या असत्या, कदाचित मीही. त्याऐवजी वरून आवाज आला, “या काकू, फक्त वीस मिनिटे राहिली!” ती वीस मिनिटे आम्हाला पहिल्या दरवाजाशी, मग आडव्या वाटेवर, मग तलावाकाठी पुन्हा पुन्हा सांगितली गेली. तलावाशी पोहोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते आणि परशुरामाच्या देवळाशी चार वाजून दहा मिनिटे. काकूंनी तिथे डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता, आणि तो मी नाकारत नाही. पुढे गेलेले सगळे तोवर तलावाकडे उतरून गेले होते.

जानेवारीच्या मध्यावर त्या भागात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो, नागपुरापेक्षा वीसेक मिनिटे उशिरा. तेवढ्या उजेडात आम्ही आडवी वाट ओलांडून दरवाजांपाशी आलो. पुढच्या पायऱ्या अंधारात उतराव्या लागल्या. ४३ जणांत मिळून विजेऱ्या ११ होत्या. बाकीच्यांकडे भ्रमणध्वनीचा उजेड. कातळातल्या झिजलेल्या पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे हवेत, आणि तिथे एक हात तो उजेड धरण्यात अडकतो. मधल्या कुठल्याशा पायरीवर बुटाची नाडी तुटली. तेव्हापासून काकू बसून बसून उतरल्या. आधी दोन्ही तळहात मागच्या पायरीवर टेकायचे, मग शरीर खाली सोडायचे, मग पाय चाचपून खालची पायरी शोधायची. त्यांच्या तळहातांची साले निघाली होती, ते मला गावात उजेडात दिसले. वाटेत त्या बोलल्या नव्हत्या. धारेवर हलणारे उजेड पाहून वाघांब्यातला एक तरुण आपणहून विजेरी घेऊन वर आला. त्याची बोली मला निम्मीच कळत होती, पण हात कुठे टेकायचा आणि पाय कुठे ठेवायचा हे त्याने बरोबर समजावले. गावात पोहोचलो तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. बसमध्ये तास-दीड तास ताटकळलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले की झेपत नसेल तर यायचे कशाला. काकूंनी ते ऐकले. परतीच्या संपूर्ण प्रवासात त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

मंडळी, त्या प्रश्नाचे उत्तर काकूंनी द्यायचे नव्हते. ‘सोपी ते मध्यम’ हे शब्द वाचून त्या आल्या होत्या. सोपे कोणासाठी, किती तासांत, किती चढ, हे त्या शब्दांतून कळत नाही. आकड्यांतून कळते, आणि ते आकडे काढायला फार विद्या लागत नाही. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही जगभर वापरतात. दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा एखादी वाट जाऊन-येऊन १० किलोमीटरची आणि ८०० मीटर चढाची आहे. अंतराचे दोन तास, चढाचा एक तास वीस मिनिटे, म्हणजे एकूण तीन तास वीस मिनिटे. पण हा हिशेब सरावातल्या, धडधाकट, न थांबणाऱ्या एकट्या माणसाचा आहे, त्यात विश्रांती नाही, जेवण नाही आणि खडकाळ उतारावर सांभाळून टाकायच्या पावलांचा वेळही नाही. रात्रभर न झोपलेल्या ४३ जणांचा गट, अरुंद दरवाजांपाशी लागणारी रांग, पाणी, जेवण, छायाचित्रे हे सगळे धरले तर वेळ दुप्पट-अडीचपट होते. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो हे तुम्हीच आम्हाला शिकवता; मग वेळापत्रक मात्र सर्वांत पुढे धावणाऱ्याच्या पायांवर का आखता?

परतीची वेळ काढायची ती सूर्यास्ताकडून उलटी. सव्वासहाला सूर्यास्त. पायथ्याशी त्याच्या तासभर आधी पोहोचायचे, म्हणजे सव्वापाच, कारण मुरगळलेला घोटा, तुटलेला बूट, चुकलेली वाट यांना तेवढी मुभा ठेवावीच लागते. अशा गटाला उतरायला साडेतीन तास लागणार असतील तर पावणेदोनला मागे वळायला हवे. पहाटे सहाला निघालेल्या गटाला माथ्यापर्यंत जायला पावणेआठ तास मिळतात आणि काकूंसुद्धा रमतगमत देवळाशी पोहोचतात. दहाला निघालेल्या गटाकडे पावणेचारच तास उरतात. मग त्या दिवशी आमच्यातल्या निम्म्यांसाठी परशुरामाचे देऊळ नव्हतेच, आणि हे दहा वाजता, पायथ्याशी, पोहे खाताना सांगता आले असते.

हे सांगणे का जड जाते ते मला समजते. माणसांनी पैसे भरलेले असतात, साडेसहाशे किलोमीटर आलेली असतात, घरी सांगून आलेली असतात. खिंडीतून परतलेल्याला आपले पैसे वाया गेले असे वाटते आणि तो पुढच्या वेळी दुसऱ्या गटाकडे जाईल अशी तुम्हाला भीती असते. पण ही भावना तयार होते ती जाहिरातीतून. तिच्यात शिखरावरचे, ध्वजाभोवती हात उंचावलेले छायाचित्र असते आणि खाली ‘सर करूया’ असे लिहिलेले असते. त्याच जागी ‘पावणेदोन वाजता सगळे मागे वळतील, हळू चालणाऱ्यांसाठी खिंडीपर्यंतची यात्रा, सोबत एक मार्गदर्शक’ असे छापलेले असेल, तर खिंडीत थांबणारा माणूस हरलेला ठरत नाही, कारण त्याने पैसे भरतानाच ते मान्य केलेले असते. खिंडीतून एका बाजूला साल्हेर आणि दुसऱ्या बाजूला सालोटा अंगावर आल्यासारखे दिसतात. तिथे शांतपणे दोन तास बसून डबा खाल्लेल्याचा दिवस वाया गेला असे मी तरी म्हणणार नाही.

नागपूरच्या पायांविषयीही बोलायला हवे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, सपाट. आपल्याला ४५ अंशांचे ऊन सोसण्याची सवय आहे, मैलोन्मैल चालण्याची आहे, पण सलग तीन तास उतरण्याची सवय नाही. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढाची चिंता करतात. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरावा लागतो, आणि सराव नसलेले स्नायू या कामाने फार लवकर थकतात. गुडघे लटपटू लागतात ते यामुळे, आणि पाय घसरतात ते तेव्हा. फुटाळ्याकाठी सकाळी पाच किलोमीटर चालणाऱ्याला वाटते आपली तयारी झाली. त्याच्या स्नायूंना उतरण म्हणजे काय हे ठाऊकच नसते. रामटेक आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन, त्याच बुटांत, गडमंदिराच्या पायऱ्या एका सकाळी तीनदा चढून उतरायला लावा. ते शक्य नसेल तर सेमिनरी हिल्सचा चढ-उतार आहे, अगदीच काही नाही तर इमारतीचा जिना आहे. यात्रेच्या दोन आठवडे आधी असा एक रविवार सक्तीचा करा. कोणाला काय झेपते हे त्या सकाळी त्यालाही कळेल, तुम्हालाही कळेल, आणि सुटणारे तळवे रामटेकलाच सुटतील.

डोंगर चालणे आपल्याला नवे नाही, हेही जाता जाता नमूद करते. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत आपल्या भागातून हजारो माणसे पचमढीच्या डोंगरांत नागद्वारीला जातात आणि महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात. माझी आजी नागद्वारीला चार वेळा गेली. भर पावसात, निसरड्या वाटेने, पायात साध्या चपला घालून. तिच्या मंडळात एक जाणता गडी कायम सर्वांच्या मागे चालत असे, आणि तो मुक्कामी पोहोचून सगळी डोकी मोजल्याशिवाय कोणी भाकरी मोडत नसे. आजीने हे मला कौतुक म्हणून सांगितले नव्हते. तिच्या दृष्टीने चालण्याची रीतच ती होती. पुढे कोण आहे यापेक्षा मागे कोण आहे याची फिकीर करणारी ती रीत आपल्याच घरांतली आहे, बाहेरून आणायची नाही.

शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले असून, असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. तुमची नोंदणी झाली असेल तर तिचा क्रमांक जाहिरातीवर छापा. आम्ही तो पाहायला शिकू. राज्यात अडकलेल्या गिरिप्रेमींच्या शोध आणि बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर ही व्यवस्था आहे, आणि तिच्या हाकेला धावून जाणारी माणसे आपापले कामधंदे सांभाळून, रात्री-अपरात्री, विनामोबदला जातात. आमच्या साल्हेरच्या रात्री त्यांना बोलवावे लागले नाही, ते वाघांब्यातल्या त्या एका तरुणामुळे. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि उतरल्यावर आमच्या गटातल्या कोणी त्याचे आभार मानल्याचेही मी ऐकले नाही. मी मानले, पण ते गटाच्या वतीने व्हायला हवे होते.

तुमच्यापैकी बरेच जण हे काम पैशासाठी करत नाहीत, डोंगराच्या ओढीने करतात, हे मी जाणते. तुमच्यामुळेच माझ्यासारख्या कितीतरी बायकांना घराबाहेर पडून कड्यावरचा वारा अंगावर घेता आला. म्हणूनच तुम्हाला हे सांगण्याचा हक्क मी घेते आहे. येत्या हिवाळ्याच्या यात्रांचे फलक दिवाळीनंतर लागतील. त्यांवर एकूण अंतर किलोमीटरमध्ये, एकूण चढ मीटरमध्ये, अपेक्षित तास, सोबत असायलाच हवी अशी विजेरी आणि तीन लिटर पाणी, सर्वांच्या मागे चालणाऱ्या मार्गदर्शकाचे नाव आणि परतीची वेळ एवढे छापा. बस उशिरा पोहोचली तर पायथ्याशीच सर्वांसमोर सांगा की वेळ बदललेली नाही, माथा कदाचित होणार नाही. आणि ती वेळ झाली की सर्वांत पुढे असलेल्या मार्गदर्शकाने स्वतः आधी मागे वळावे, कारण तो वळला नाही तर मागचे कोणी वळणार नाही.

ज्या गटाच्या फलकावर परतीची वेळ असेल, त्या गटाबरोबर मी पूर्ण शुल्क भरून येईन आणि हवे असल्यास शेवटच्या माणसाच्या मागे चालेन. काकूंना मी विचारले आहे. त्यांनी नवे बूट घेतले असून महिन्यातून दोन रविवार आम्ही दोघी रामटेकला जातो. त्या म्हणाल्या, वेळ लिहिलेली असेल तर येईन.

आपली नम्र,
साल्हेरहून शेवटून दुसरी उतरलेली एक नागपूरकर